धंदा बंद पडला तर मालकाला बेकारी भत्ता मिळतो का?

प्रश्न विचारणारे गृहस्थ भोसरीत सीएनसी जॉबवर्कचं (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांवर दुसऱ्या कंपन्यांचं काम करून देण्याचं) युनिट चालवत होते. फर्म भागीदारीची, भागीदार दोघं: ते आणि त्यांचा मेहुणा. अकरा वर्षं धंदा चालला. एके काळी २३ कामगार होते, शेवटी १४ उरले. ईएसआय (कामगारांचा राज्य विमा) आणि पीएफचं चलन एकही महिना चुकवलं नाही. मुख्य गिऱ्हाईक कंपनीने काम दुसरीकडे हलवलं, जागेचा करार संपत आला आणि आता शेड सोडायची वेळ आली आहे. दोघं भागीदार फर्ममधून महिना २०,००० रुपये पगार घेत होते. प्रश्न विचारणाऱ्यांची पत्नी हिशोब आणि डिस्पॅच सांभाळायची, तिला १५,००० पगार होता आणि तिचा ईएसआय, पीएफ कापला जात होता. त्यांचं म्हणणं, "इतकी वर्षं ईएसआय कॉर्पोरेशनला पैसे भरले, पगारही ईएसआयच्या २१,००० च्या मर्यादेत. मग आता मला बेकारी भत्ता मिळायला नको का?"

तुम्हाला मिळणार नाही. तुमच्या पत्नीला मिळू शकतो, तुमच्या चौदाही कामगारांना मिळू शकतो. आणि त्यांना कोणता मिळेल, किती काळ मिळेल, हे शटर ओढण्याआधी तुम्ही कोणते कागद कसे करता यावर बरंचसं ठरणार आहे. मी वीसेक वर्षं पिंपरी-चिंचवड पट्ट्यात कामगार कायद्याचं काम करतो. मालक भत्त्याच्या मागे धावतो, आणि त्याच्या हक्काची खरी रक्कम दुसऱ्याच तीन ठिकाणी पडून राहते, हे वारंवार दिसतं. म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

आपल्याकडे बेकारी भत्ता हा विमा आहे आणि विमा नोकरीचा आहे. ईएसआयमध्ये मालकाचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५ टक्के असे मिळून ४ टक्के जातात, पण दोन्ही वाटे कामगाराच्या आयपी नंबरवर (विमाधारक क्रमांकावर) जमा होतात. मालकाने भरलेले ३.२५ टक्के मालकाच्या नावावर कुठेच उभे राहत नाहीत. तुम्ही अकरा वर्षं भरलंत ते दुसऱ्यांच्या आजारपणासाठी आणि बेकारीसाठी. त्याचं मोल आहेच, पण दावा करायला तुमच्याकडे विमाच नाही.

"पण मी पगार घेत होतो," हा मुद्दा तुमच्यासारखे बरेच भागीदार मांडतात. याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऐंशीच्या दशकातच रामानुज मॅच इंडस्ट्रीजच्या खटल्यात लावला. तिथे भागीदार पगार घेऊन काम करत होते आणि त्यांना कर्मचारी म्हणून मोजायचं की नाही, यावर त्या कारखान्याला ईएसआय कायदा लागू होतो की नाही हे ठरणार होतं. न्यायालय म्हणालं, भागीदार हा फर्मचा नोकर होऊ शकत नाही, पगार घेत असला तरीही. भागीदारी फर्म कायद्याने भागीदारांपासून वेगळी व्यक्ती नाही. माणूस स्वतःचाच नोकर कसा होणार? आयकरातही तुमचा तो २०,००० चा पगार 'पगार' या सदरात येत नाही, धंद्याचं उत्पन्न म्हणूनच येतो. तुमचंच रिटर्न काढून बघा. एकट्याच्या मालकीचा धंदा असेल तर प्रश्नच उरत नाही. एलएलपीच्या (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीच्या) भागीदारालाही मी हेच उत्तर देतो.

प्रायव्हेट लिमिटेडची गोष्ट निराळी. कंपनी ही संचालकापासून वेगळी व्यक्ती. १९९७ मध्ये एपेक्स इंजिनिअरिंगच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की ठरलेला मासिक मोबदला घेऊन कंपनीचं काम बघणारा मॅनेजिंग डायरेक्टरसुद्धा ईएसआयच्या अर्थाने कर्मचारी ठरू शकतो. म्हणजे कंपनीला ईएसआय लागू असेल, संचालकाचा पगार मर्यादेच्या आत असेल आणि वर्गणी खरोखर भरली असेल, तर तो विमाधारक होतो. आजारपणाचे, अपघाताचे लाभ त्याला मिळतात. पण बेकारी भत्त्याचा दावा तिथेही अडखळणार असं मला वाटतं. भत्ता मनाविरुद्ध नोकरी गेलेल्यासाठी आहे, आणि स्वतःच सही करून कंपनी बंद करणाऱ्या संचालकाला "माझी नोकरी गेली" हे पटवून देणं अवघड आहे. त्यामुळे "आधी कंपनी केली असती तर बरं झालं असतं का?" याला माझं उत्तर नाही असंच आहे. या एका कारणासाठी कुणी फर्मची कंपनी करू नये. आणि आता मागच्या तारखेने हजेरीपटावर स्वतःचं नाव चढवण्याचा सल्ला कुणी दिला, तर त्या माणसापासून चार हात लांब राहा. खोटी माहिती देऊन लाभ घेणं हा गुन्हा आहे. शिवाय एक खोटी नोंद सापडली की तपासणीला येणारा अधिकारी पत्नीच्या खऱ्या नोंदीवरही संशय घेईल.

आता पत्नीकडे येतो. ती भागीदार नाही, फर्मची नोकर आहे. भागीदाराची बायको आहे म्हणून तिचा हक्क जात नाही. काम खरं होतं आणि पगार खरा होता, एवढं दिसलं पाहिजे. पगार बँकेत जात होता का, हजेरीवर सह्या आहेत का, तिने बनवलेली चलनं, डिस्पॅचच्या नोंदी, ई-मेल सापडतात का, ते आत्ताच एका फाइलमध्ये लावून ठेवा. शेड रिकामी करताना भंगारवाल्याच्या गाडीत सगळ्यात आधी हेच कागद जातात.

ईएसआयमध्ये बेकारीच्या दोन योजना आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिली अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, १ जुलै २०१८ पासूनची. सुरुवातीला सरासरी मिळकतीच्या २५ टक्के मिळायचे, कोरोनाच्या काळात २०२० मध्ये ते ५० टक्के केले. आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी. नोकरी गेल्यावर ३० दिवसांनी दावा करता येतो, तोही थेट ऑनलाइन, मालकाच्या मार्फत जावं लागत नाही. विमायोग्य नोकरीची किमान दोन वर्षं हवीत. नोकरी सुटण्याआधीच्या वर्गणी कालावधीत ७८ दिवसांची वर्गणी हवी आणि त्याआधीच्या तीनपैकी एका कालावधीत आणखी ७८ दिवसांची. वर्गणी कालावधी म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. ही योजना कायमची नाही, मुदतवाढीवर चालते. म्हणून अर्ज भरायच्या दिवशी ईएसआयसीच्या संकेतस्थळावर ती चालू असल्याची खात्री करून घ्या.

दुसरी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, १ एप्रिल २००५ पासूनची. कारखाना बंद पडला, कामगारकपात झाली, किंवा कामाशी संबंध नसलेल्या इजेने किमान ४० टक्के कायमचं अपंगत्व आलं, तर हिच्यात पहिले १२ महिने साधारण निम्मा आणि पुढचे १२ महिने साधारण पाव पगार मिळतो. दोन वर्षांची वर्गणी पुरते. त्या काळात विमाधारकाला आणि घरच्यांना ईएसआयचे औषधोपचारही मिळतात.

महिना १८,००० पगाराचा तुमचा एक ऑपरेटर धरू. पहिल्या योजनेत चार वर्गणी कालावधींची, म्हणजे दोन वर्षांची, एकूण मिळकत ४,३२,००० भागिले ७३०, म्हणजे रोजचे सुमारे ५९२. त्याचे निम्मे २९६, आणि ९० दिवसांचे साधारण २६,६०० रुपये. दुसऱ्या योजनेत पहिल्या वर्षी साधारण १,०८,००० आणि दुसऱ्या वर्षी ५४,०००. म्हणजे दीड लाखाच्या वर. एकाच काळासाठी दोन्ही घेता येत नाहीत. कारखाना खरोखर बंद होत असताना कामगाराने दुसरीच मागायला हवी, आणि तिचं नावसुद्धा बहुतेकांना माहीत नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि ती हातची जाते मालकाच्या एका सवयीमुळे. युनिट बंद करताना मालक सगळ्यांकडून छापील राजीनामे घेतो. कुणीतरी सांगितलेलं असतं की राजीनामा घेतला की नुकसानभरपाई द्यावी लागत नाही. "घरगुती अडचणीमुळे स्वखुशीने राजीनामा देत आहे", चौदा जणांची एकाच दिवशी एकच घरगुती अडचण! त्या कागदाने कामगाराचा बेकारीचा दावा मरतो, कारण स्वखुशीने सोडणाऱ्याला भत्ता नाही. ईएसआयच्या पोर्टलवर नोकरी सुटल्याचं कारण भरावं लागतं. तिथे राजीनामा टाकला की पुढे कामगार कितीही फेऱ्या मारो, उपयोग होत नाही. तुम्ही बंदीची नोटीस लेखी द्या, कामगार उपायुक्त कार्यालयात तिची पोच घ्या, पोर्टलवर राजीनामा न दाखवता बंदीशी जुळणारं कारणच भरा, आणि प्रत्येकाच्या हातात नोटिशीची प्रत आणि सेवेचा दाखला द्या. पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीख त्याच आठवड्यात भरा.

याचा खर्च तुमच्यावर येतो, हे मान्य. बंदीची भरपाई म्हणजे पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार, त्याशिवाय नोटीस किंवा नोटिशीचा पगार, पाच वर्षं झालेल्यांना ग्रॅच्युइटी. मालकाच्या हाताबाहेरच्या अटळ कारणाने बंद झालं तर भरपाईला तीन महिन्यांच्या पगाराची मर्यादा आहे, पण पैशाची अडचण, तोटा, पडून राहिलेला माल किंवा जागेचा करार संपणं ही कारणं कायदा अटळ मानत नाही. तुमचं जागेच्या कराराचं कारण नेमकं यातलंच आहे, म्हणून त्या सवलतीवर हिशोब मांडू नका. एकरकमी जमत नसेल तर कामगारांशी लेखी हप्ते ठरवा. माझ्या अनुभवात कामगार हप्त्यांना तयार होतात. चिडतात ते फोन न उचलणाऱ्या मालकावर.

आता तुमच्या स्वतःच्या पैशाकडे.

सगळ्यात मोठी रक्कम बहुतेक वेळा अडकलेल्या बिलांत असते. तुमचं जॉबवर्क आहे आणि उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी) आहे, त्यामुळे २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा तुमच्या बाजूने आहे. गिऱ्हाईकाने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. दावा ऑनलाइन सुविधा परिषदेकडे, म्हणजे याच कायद्याखालच्या तंटा सोडवणाऱ्या मंडळाकडे जातो. परिषदेचा निवाडा विरुद्ध गेला आणि कंपनीला न्यायालयात आव्हान द्यायचं असेल, तर ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. मोठी कंपनी तडजोडीला येते ती या कलमामुळे. धंदा बंद होतोय म्हणून आधीच्या पुरवठ्याचा हक्क बुडत नाही. पण उद्यम नोंदणी घाईने रद्द करू नका. दावा दाखल होईपर्यंत ती असू द्या. नोंदणी पुरवठ्याच्या आधीची आहे का, हेही तपासा, कारण त्यावरून न्यायालयांत वाद झालेले आहेत. माल घेऊन तसाच विकणाऱ्या व्यापाऱ्यांना मात्र या उशिराच्या पैशांच्या तरतुदीचा फायदा मिळत नाही.

दुसरं, तोटा. फर्मचं शेवटचं रिटर्न मुदतीत भरा. मुदतीत भरलं तरच धंद्याचा तोटा पुढची ८ वर्षं ओढता येतो आणि पुढे धंद्याच्या नफ्यातून वजा होतो; नोकरीच्या पगारातून होत नाही. फर्मचा तोटा फर्मच्याच नावावर राहतो, त्यामुळे तुम्ही दोघं त्याच फर्ममध्ये पुन्हा काही सुरू करणार असाल तरच त्याचा अर्थ आहे. फर्म मोडण्याआधी सीएशी एवढं तरी बोला. जीएसटी क्रमांक मात्र काम संपताच रद्द करा. शून्य रिटर्न राहून गेलं तरी रोजचे २० रुपये विलंब शुल्क चढतं, आणि क्रमांक रद्द झाल्यावर तीन महिन्यांत अंतिम विवरणपत्र भरावं लागतं. व्यवसाय कराची नावनोंदणीही रद्द करून घ्या, नाही तर वर्षाचे २,५०० रुपये मागणीत येत राहतात.

व्यवसाय कराचं नाव निघालं म्हणून एक गोष्ट सांगतो. महाराष्ट्रात हा कर १९७५ च्या कायद्याने आला आणि त्यामागचा मोठा हेतू रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करणं हा होता. डॉक्टर, वकील, दुकानदार, वर्कशॉपवाला यांच्याकडून गोळा झालेल्या पैशातून गावातल्या बेरोजगाराला काम देण्याची कल्पना या राज्याने देशाच्या आधी अमलात आणली. १९७७ चा आपला रोजगार हमीचा कायदा पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याचा आदर्श ठरला. त्या केंद्रीय कायद्यात, मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम मिळालं नाही तर बेकारी भत्त्याची तरतूद केली गेली: पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान पाव, पुढे किमान निम्मा. तिथे अर्जदार आधी नोकर होता की मालक, हे विचारलं गेलं नाही. ग्रामीण भागातला प्रौढ आणि अंगमेहनतीला तयार, एवढंच पुरेसं होतं. बेकारीत माणसाला मालक-नोकर असं न विभागणारी व्यवस्था आपणच उभी केली होती, पण ती शहरापर्यंत आणलीच नाही. भोसरीच्या वर्कशॉपवाल्याने बेकारांसाठी पन्नास वर्षं कर भरावा आणि तो स्वतः बेकार झाला की त्याच्यासाठी खिडकीच नसावी, हे मला अन्यायाचं वाटतं.

नव्या कायद्यानेही हे बदललेलं नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यात असंघटित, गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांसाठी योजना करण्याची तरतूद आहे, स्वयंरोजगारावर जगणाऱ्या कामगाराची व्याख्याही आहे. योजनांच्या यादीत आयुर्विमा, अपंगत्व, आरोग्य, प्रसूती, म्हातारपण हे सगळं सापडेल. बेकारी भत्ता त्या यादीत नाही. २०१९ ची लघु व्यापाऱ्यांची मानधन योजना साठीनंतरच्या ३,००० रुपये पेन्शनची आहे आणि १८ ते ४० वयातच तिच्यात शिरता येतं. म्हणून "मालकांसाठी बेरोजगारी भत्ता, आजच फॉर्म भरा" असे संदेश फिरत आले तर आधार आणि बँकेचे तपशील कुठेही टाकू नका. धंदा बुडालेल्या मालकासाठी तसा भत्ता महाराष्ट्रात नाही.

"जर्मनीत माझ्या भावाला मिळतो," असंही तुम्ही लिहिलं आहे. बरोबर आहे, पण तिथेही आपोआप मिळत नाही. धंदा सुरू केल्यापासून तीन महिन्यांत स्वतः अर्ज करून, स्वतः हप्ता भरून ऐच्छिक विमा घ्यावा लागतो. त्यासाठी आधीच्या ३० महिन्यांत किमान १२ महिने नोकरीतला विमा असावा लागतो. अमेरिकेत नेहमीचा भत्ता स्वयंरोजगारवाल्यांना नसतो. २०२० मध्ये कोरोनासाठी खास कायदा करून दिला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये तो बंद झाला. आपल्याकडे जर्मनीसारखी ऐच्छिक सोय झाली, तर माझे निम्मे अशील उद्या हप्ता भरायला तयार होतील.

आता तिसरी रक्कम, जी तुम्ही प्रश्नात ओझरती लिहिली आहे: २००७ ते २०१४ एका कंपनीत नोकरी केलीत आणि तो पीएफ "तसाच असेल". तो आहे, आणि त्यावर व्याजही चढतंय. खात्यात नवी भर नसली तरी वयाच्या ५८ पर्यंत व्याज मिळतं. भागीदारी ही नोकरी नाही, त्यामुळे पीएफच्या दृष्टीने तुम्ही २०१४ पासून बेरोजगारच आहात! पूर्ण रक्कम काढायला पूर्वी दोन महिने बेकार असावं लागे. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या विश्वस्त मंडळाने ही मुदत १२ महिने करण्याचा निर्णय घेतला. तुमच्या बाबतीत कोणतीही मुदत धरली तरी ती केव्हाच उलटली. जुना क्रमांक यूएएनला (पीएफच्या एकाच कायमच्या क्रमांकाला) जोडा, आधारवरचं नाव आणि जन्मतारीख जुळते का बघा, कारण अर्ज सर्वांत जास्त याच कारणाने परत येतात, आणि मग पीएफची रक्कम काढा. नोकरी सोडल्यानंतरच्या काळातलं व्याज करपात्र धरलं जातं, तेवढं रिटर्नमध्ये दाखवा.

पण त्याच खात्याला जोडलेला पेन्शनचा भाग काढू नका. १० वर्षं पूर्ण झाली की ५८ व्या वर्षी पेन्शन बसते, तुमची सात झाली आहेत. फॉर्म १०-सी भरताना पैसे काढण्याऐवजी 'योजना प्रमाणपत्र' मागा, म्हणजे ती सात वर्षं शाबूत राहतात. तुम्ही कुठेतरी सुपरवायझरची नोकरी बघताय असं लिहिलं आहे. पीएफ लागू असलेल्या ठिकाणी रुजू व्हा आणि पहिल्याच दिवशी जुना यूएएन आणि ते प्रमाणपत्र तिथल्या एचआरला द्या. नवा यूएएन काढू देऊ नका, आणि तुम्ही आधीपासून पेन्शन योजनेचे सदस्य आहात हे रुजू होताना भरायच्या फॉर्म ११ मध्ये लिहा. १ सप्टेंबर २०१४ नंतर १५,००० च्या वरच्या पगारावर नव्याने येणाऱ्यांना पेन्शन योजना बंद आहे. जुन्या सदस्याला नाही. तो रकाना रिकामा राहिला तर एचआर तुम्हाला नवखा समजेल आणि तुम्हाला लागणारी तीन वर्षं पेन्शनमध्ये जमा होणार नाहीत.